मदत हवी आहे: मुलांना मुद्देसूद वाद घालायला कसं शिकवता?
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कॉलेजात बीए द्वितीय वर्षाला मराठी शिकवते. निबंध म्हटला की मुलं प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार असा साचा काढतात. स्वतःचं मत कुठेच नाही. प्रकल्पाच्या संदर्भसूचीत तर नुसतं 'गुगल'!

यंदा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद घ्यायचं ठरवलंय. शरीरसंबंधासाठी मुलींच्या संमतीचं वय १० वरून १२ करायला आगरकरांचा पाठिंबा होता, तर परक्या सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये म्हणून टिळकांचा विरोध. पण वर्गात सगळे लगेच आगरकरांच्या बाजूला जातात आणि वाद तिथेच संपतो. न पटणारी बाजू आधी पूर्ण ताकदीने मांडायची आणि मग खोडायची, हे कसं शिकवता? (टीव्हीवरच्या चर्चा बघून मुलांना वाद म्हणजे आरडाओरडाच वाटतो.)

टिळकांच्या 'केसरी' आणि आगरकरांच्या 'सुधारक' या वृत्तपत्रांमधले त्या वेळचे मूळ लेख वर्गात वाटण्यासाठी कुठे मिळतील?

शिवाय साठेक मुलांचे मसुदे दोन-दोनदा तपासणं एकटीला झेपत नाही. मुलांनीच एकमेकांचं लेखन तपासायचं, असं कुणी करून पाहिलंय का? आमच्याकडे 'छान लिहिलंय'च्या पुढे गाडी जात नाही.