रविवारचं चिकन बुधवारपर्यंत कसं पुरवता? सांगा ना

भुसावळवाली:
आम्ही पाच माणसं, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतला मुलगा. रविवारी दीड किलो ब्रॉयलर आणते, काळ्या मसाल्याची भाजी होते आणि दरवेळी पाच-सहा पीस अन् अर्धं पातेलं रस्सा उरतो. सोमवारी तोच खातो, मंगळवारी कोणी हात लावत नाही. गेल्या आठवड्यात तर पातेलं रात्रभर ओट्यावरच राहिलं, सकाळी झाकण काढलं तर वर फेस. सगळं फेकलं. फार जीवावर आलं, कारण महिन्याचा हिशोब वहीत लिहिते आणि त्यात चिकनचाच आकडा मोठा. सासऱ्यांना बीपी आहे, तेल-मीठ कमीच लागतं. तुम्ही काय करता?

रावेरची ताई:
ताई, उरायची वाट पाहूच नका, मसाला लावायच्या आधीच वाटणी करा. मी दीड किलोतून छातीचे पीस, मान आणि पाठ बाजूला काढते, हळद, आलं-लसूण, चिमूटभर मीठ आणि बेताचं पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या. मांस हाताने सोडवून डब्यात, हाडं परत दोन तांबे पाणी घालून अर्धा तास उकळायची, गाळून ठेवायची. बाकीची भाजी रविवारीच संपते.
सोमवारी त्याच पाण्यात तुरीच्या डाळीची खिचडी, उतरवताना मूठभर चिकन. आपण खिचडीवर वरून तेल घेतो ना, ते मग लागतच नाही. मंगळवारी उडदाची डाळ लसूण-मिरची घालून घुटते, उरलेलं चिकन त्यात, आणि कळण्याची भाकरी. माझं दळण चार वाट्या दादर ज्वारीला एक वाटी उडीद असं असतं, ज्वारीत प्रथिनाचा जो भाग कमी पडतो तो उडदातून येतो, म्हणून दोन घासांत पीस एकच आला तरी पोट भरतं. मुलगा विचारतो चिकन कुठंय, मी म्हणते ढवळून पाहा, सापडतं.

धुळ्याचा भाऊ:
वरचं बरोबर, पण ताई आधी ते रात्रभर ओट्यावर ठेवणं बंद करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, तेवढ्या उन्हाळ्यात शिजवलेलं चिकन तासाभरातच फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, एरवी फार तर दोन तास. पातेलंच्या पातेलं आत ढकलू नका, मधला रस्सा कितीतरी वेळ गरमच राहतो, पसरट डब्यांत काढा. तीन दिवसांत संपवा, आणि लागेल तेवढंच काढून चांगली उकळी आणा, सगळं परत परत तापवू नका. लाईट गेली तर फ्रीज उघडून पाहायचा नाही, दार बंद असलं तर चारेक तास निभतं. आणि ताटातली उष्टी हाडं स्टॉकला नको, आमच्याकडे काही जण तीही टाकतात म्हणून सांगतोय.

चोपडेकर:
तयार भाजी उरलीच तर सकाळी फ्रीजमधून काढल्या काढल्या वरचा गोठलेला तवंग पळीने उचला. निम्मं तेल तिथेच जातं, बीपीवाल्यांना तेच बरं. मग रश्शात पाणी वाढवून हिरवी वांगी नाहीतर शेवग्याच्या शेंगा शिजवा. मीठ वरून अजिबात नको, रश्शात आधीच असतं. काळ्या मसाल्यात वांगं जे लागतं ना, त्याला तोड नाही.
एक मात्र, हाडाच्या पाण्यातून खूप कॅल्शियम मिळतं असं सगळे सांगतात, तसं नाही. चव येते, थोडी प्रथिनं मिळतात, कॅल्शियम फार उतरत नाही. त्यासाठी दूध, तीळ, मेथी घ्या.

भुसावळवाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज खिचडी केली, सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. सासूबाईंनी हाडं उकळताना त्यात दोन लवंगा टाकल्या, घरभर वास. डब्यात अजून दोन मुठी चिकन आहे, उद्या उडदाची डाळ. रावेरच्या ताई, डाळ सालीची घेता की पांढरी?

रावेरची ताई:
सालीचीच. रात्री भिजत घाला, घुटायला मऊ येते आणि साल काढू नका.