मदत हवी आहे: अण्णांच्या गाडीचा नंबर लावून दुसरीच गाडी फिरतेय (लातूर)

रेणापूरची

नमस्कार मंडळी,

गाडीचा नंबर चोरून वापरला जाण्याचा अनुभव इथं कुणाला असेल तर कृपया सविस्तर लिहा. आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही.

गाडी पांढरी डिझायर, एमएच 24 पासिंग, अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर. ते एसटीतून निवृत्त झालेत. गाडी बाजार, दवाखाना आणि कधीमधी औशाला आत्याकडं, एवढीच चालते. मध्यंतरी त्यांच्या मोबाइलवर समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं 2000 रुपयांचं ई-चलन आलं. त्या दिवशी गाडी लातुरातच गॅरेजला होती, क्लच प्लेट बदलायला. आम्हाला वाटलं, कॅमेऱ्यानं एखादा आकडा चुकीचा वाचला असेल. पण त्यानंतर एका रात्री दोनच्या सुमारास बीडकडच्या टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कटले. गाडी अंगणात उभी आणि टॅग काचेवर जागच्या जागी.

मग चलनाचा फोटो पोर्टलवर उघडून मोठा केला. मॉडेल तेच, रंग तोच, नंबर तंतोतंत आमचा. पण गाडी आमची नाही. आमच्या मागच्या काचेवर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ लिहिलंय, त्या काचेवर काहीच नाही. मागच्या बंपरचा डावा कोपरा आमच्याकडं घासलेला आहे, तो तिथं कोरा आहे. शिवाय त्या गाडीची नंबरप्लेट दोन साध्या स्क्रूवर बसवलेली दिसते आणि तिच्यावर डाव्या बाजूचा हॉलोग्रामही दिसत नाही.

दोन हजारांचं दुःख नाही. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं, किंवा तिच्यात सीमेपलीकडून आणलेला गुटखा सापडला, तर पोलीस नंबरवरून अण्णांच्याच दारात येणार. आयुष्यभर एकही मेमो न मिळालेला माणूस आता फाटक वाजलं तरी दचकतो. त्यांना रात्री झोप लागत नाही.

पोलीस ठाण्यात गेले तर ‘चलन दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे, तिकडं जा’ असं सांगितलं. खरंच तिकडं जावं लागेल का? चलन भरायचं की नाही? आरटीओत काय सांगायचं? आणि आम्ही तर एचएसआरपी (ती नवी सरकारी सुरक्षित नंबरप्लेट) बसवून घेतलीय, मग नंबरची नक्कल होतेच कशी?

पैठणकर

ताई, माझा सल्ला सरळ आहे. दोन हजार भरा आणि मोकळ्या व्हा. चलन थकलं की आरटीओतली कामं अडतात. पोलीस ठाण्याच्या चकरा मारण्यात अण्णांची तब्येत बिघडेल. माझ्या मेहुण्यानं असंच एक चलन भरलं, विषय संपला.

गोदाकाठ

पैठणकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला घातक आहे. मी परभणीला वकिली करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

चलन भरणं म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड करणं. त्या वेळी त्या ठिकाणी आपलीच गाडी होती, असं तुम्ही स्वतःहून लिहून दिल्यासारखं होतं. पुढं त्याच नंबरच्या गाडीनं अपघात केला, तर समोरचा वकील पहिल्यांदा ही पावतीच काढेल. ताई, चलन भरू नका आणि पडूही देऊ नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. तिथं चलन क्रमांक टाका. चलनातला फोटो आणि तुमच्या गाडीचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो जोडा. काचेवरची अक्षरं, घासलेला बंपर, प्लेटची लॉकं, असा एकेक फरक शब्दांत लिहा. फोटो बघून समजून घेतील या भरवशावर राहू नका.

आता पोलीस. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यायची तरतूद आहे. झीरो एफआयआर म्हणतात ती हीच. तरी घेतली नाही, तर त्याच कलमाच्या पोटकलम 4 खाली सगळी हकिकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती जपा. तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. प्रकार फसवणूक आणि बनावटीकरणाच्या कलमांत बसण्यासारखा आहे, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 318 आणि 336. पण अर्जात कलमं घालू नका, ते पोलिसांचं काम. तुम्ही तारीख, वेळ, ठिकाण आणि फरक लिहा.

नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन वाटेला लावू लागले, तरी तीही घ्या आणि अधीक्षकांकडचा अर्ज चालू ठेवा. उद्या कुणी दारात आलं तर अण्णांच्या हातात अमुक तारखेलाच आम्ही कळवलं होतं असा शिक्क्याचा कागद हवा. त्याच अर्जाची प्रत आरटीओला आणि विमा कंपनीला द्या, दोन्हीकडून पोच घ्या. विमा कंपनी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पण अपघाताचा दावा लागला तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस गाडीच्या नोंदणीकृत मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीलाच येते.

गॅरेजचं बिल आहे ना? त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतील तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. गॅरेजमध्ये किंवा शेजारच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर आजच जा. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. कॉपी घेताना फुटेज देणाऱ्याकडून साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र घ्या, त्याशिवाय कोर्टात अडचण येते.

शिवारफेरी

मी नंबरप्लेट बसवण्याच्या केंद्रावर कामाला होतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एचएसआरपी असली तरी चलनाचा कॅमेरा फक्त आकडे वाचतो. रस्त्याकडेच्या रेडियमवाल्यानं पत्र्यावर तेच आकडे चिकटवून दिले तरी कॅमेऱ्याला फरक कळत नाही. फरक कळतो तो माणसानं जवळ जाऊन पाहिल्यावर. खऱ्या प्लेटवर अशोकचक्राचा हॉलोग्राम असतो, 20 बाय 20 मिलिमीटरचा. त्याच्या खाली लेसरनं कोरलेला क्रमांक असतो आणि तो पुढच्या व मागच्या प्लेटला वेगवेगळा असतो. आकड्यांवरच्या पट्टीवर तिरक्या ओळीत ‘इंडिया’ छापलेलं असतं. हे लेसर क्रमांक ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत तुमच्या गाडीच्या नावावर चढवलेले असतात, पुढच्या काचेच्या आतल्या स्टिकरवरही असतात. ताई, दोन्ही प्लेटच्या लेसर क्रमांकांचे आणि त्या स्टिकरचे जवळून, स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि अर्जाला जोडा. तोतया गाडी नाकाबंदीत सापडली तर खरी कुठली हे त्यावरून लगेच ठरेल.

आणखी एक, सगळ्यांसाठी. नवीन प्लेट बसवताना जुनी तिथं सोडून येऊ नका, आपल्या डोळ्यांसमोर मोडून घ्या. जुन्या प्लेटचा ढीग कोपऱ्यात पडलेला असतो, त्यातली एखादी कोण उचलून नेईल सांगता येत नाही. गाडी विकायची जाहिरात टाकतानाही नंबर झाका. नक्कल करणाऱ्याला त्याच्यासारख्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा नंबर हवा असतो आणि जाहिरातीत तो त्याला आयता मिळतो.

दौलताबादी

टोलचं माझ्याकडून. टॅग तुमच्याच काचेवर असताना पैसे कटले, तर बहुधा नाक्यावर टॅग वाचला गेला नाही म्हणून कर्मचाऱ्यानं नंबर हातानं टाकला. 1033 या महामार्ग हेल्पलाइनला फोन करा, टॅग देणाऱ्या बँकेकडंही वाद नोंदवा आणि त्या वेळचा लेनमधला फोटो मागा. पैसे थोडेच असतील, पण सोडू नका. ती गाडी त्या रात्री त्या नाक्यावर होती याचा हा स्वतंत्र पुरावा आहे.

लोक असं का करतात तेही सांगतो. दर वेळी मोठी टोळीच असते असं नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत ताज हॉटेलसमोर एकाच नंबरच्या दोन अर्टिगा उभ्या सापडल्या होत्या. कर्जाचे हप्ते थकलेल्या माणसानं फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेऊ नये म्हणून एक आकडा बदलला होता. खऱ्या मालकाला त्याआधी बरीच चलनं येत होती. त्याला स्वतःलाच ती दुसरी गाडी दिसली म्हणून प्रकरण उघडकीला आलं. तेव्हा अण्णांना सांगा, त्यामागं गुंडच असतील असं धरून चालू नका. पण ओळखीच्या कुणाला ती गाडी रस्त्यात दिसली तर पाठलाग करू नका, अडवू नका. लांबून फोटो घ्या, 112 लावा.

माजलगावकर

अण्णांच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आली तर उघडू देऊ नका. ती एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल असते, उघडली की बँकेचे मेसेज दुसरीकडं जायला लागतात. आधीच घाबरलेला माणूस पटकन दाबतो. चलन पाहायचं ते स्वतः पोर्टलवर जाऊन, गाडी नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकून.

रेणापूरची

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी स्वतः अर्ज लिहायला घेतला, एसटीत असताना रिपोर्ट लिहायचे तसा, वेळेसकट. अधीक्षक कार्यालयाची पोच मिळाली आहे. आरटीओ आणि विमा कंपनीलाही प्रती दिल्या. पोर्टलवरची तक्रार अजून प्रलंबित दिसतेय. गॅरेजचं फुटेज नव्हतं, पण समोरच्या मेडिकलवाल्या काकांच्या कॅमेऱ्यात आमची गाडी दिवसभर उभी दिसते. त्यांनी कॉपी दिली आणि प्रमाणपत्रावर सहीही केली.

आता एकच अडलंय. समृद्धीवर ती गाडी कुठल्या तरी इंटरचेंजवरून चढली असेल आणि कुठं तरी उतरली असेल. तिथलं फुटेज मालक म्हणून आम्हाला मागता येतं का? मी फोनवर विचारलं तर नाही म्हणाले.

गोदाकाठ

खासगी व्यक्तीला सहसा देत नाहीत. पण तपास अधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली लेखी आदेश काढून ते मागवू शकतो. तुम्ही अधिकाऱ्याला वेगळा अर्ज द्या. चलनावरची तारीख, वेळ, ठिकाण लिहा आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या इंटरचेंजचं, शिवाय त्या टोलनाक्याच्या लेनचं फुटेज जपून ठेवायला सांगावं अशी विनंती करा. ‘जपून ठेवा’ हे पत्र आधी जाऊ द्या, प्रत्यक्ष फुटेज नंतर आलं तरी चालेल. उद्याच द्या. अर्जाचा मसुदा लागला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.