आवडीने दुसरे धर्म वाचलेत, शिकलात? कुठून सुरुवात झाली ते सांगा

समुद्रकाठची:
गेल्या रविवारी माहेरी माळा आवरत होते, आईला आता गुडघ्यांमुळे चढवत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची पुस्तकं निघाली. विनोबांची कुराणसार, ख्रिस्तधर्मसार आणि धम्मपद, तिन्ही एकाच सुतळीत बांधलेली. कुराणसार उघडलं तर समासात पेन्सिलीच्या खुणा, आणि मुसाच्या, म्हणजे ज्यूंच्या मोझेसच्या, गोष्टीपाशी बारीक अक्षरात लिहिलंय, 'नानांना विचारणे'. तिथेच शिडीवर बसून राहिले मी.

नाना म्हणजे आजोबांचे मित्र, अलिबागच्या इस्रायल आळीतले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजोबा रोज संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जायचे आणि सुट्टीत आम्ही पोरं मागे मागे. माझ्यासाठी ज्यू धर्म म्हणजे आधी नानांच्या घरचा मलिदा. ओले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन करायचे आणि ताटलीभर आमच्याही घरी यायचा. काकू नऊवारी नेसायच्या, बोलणं आमच्यासारखंच कोकणी हेलाचं मराठी, फक्त शुक्रवारी दिवस मावळला की घर शांत व्हायचं आणि शनिवारी काम बंद. याच लोकांचे पूर्वी तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या ही कथा मी नानांकडूनच ऐकली, शाळेत कुणी सांगितली नाही.

मोठी झाल्यावर वाचायला लागले तेव्हा कळलं की त्यांच्या सणांना जुनी मराठी नावं होती. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घरात राहायचं, उपास करायचा. पुरीमला म्हणायचे होळीचा सण! शिवाय एक खिरीचा सण. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हजारो मैलांवरून आलेला धर्म आणि नाव खिरीचा सण.

नानांची मुलं इस्रायलला गेली, मागून नाना काकूही गेले. आजोबांनी तो प्रश्न विचारला की नाही, आता कुणाला विचारू?

तर तुम्ही सांगा. पुस्तकातलं ज्ञान नकोय, तुम्हाला ओढ कुठून लागली ते हवंय.

गोदातीर:
नांदेडचा आहे मी, आमच्याकडे ओढ लागायची गरजच नाही, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवूनच मोठे झालो. पण खरं शिकायला लागलो चाळिशीनंतर. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत हे पाठ होतं, सगळ्यांनाच असतं, पण वाचली कुणी? मग ठरवलं गुरुमुखी शिकायची. मूळ पस्तीस अक्षरं, पैंती म्हणतात, मोबाईलवर बघून तीन आठवड्यांत आली, देवनागरी येणाऱ्याला अवघड नाही. पहिल्यांदा अडखळत अडखळत एक पद वाचलं आणि मधेच बीठल शब्द आला. बीठलु! पंजाबी लिपीत विठ्ठल. मी ऑफिसच्या गाडीत होतो, शेजारच्याने विचारलं काय झालं रडायला. २०१५ ला पंजाबात, नामदेव राहिले त्या घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा जायचं राहून गेलं, वडील आजारी होते. आता जाणारच.

डबेवाली आई:
वाचतेय सगळं. कुकर लावलाय, रात्री लिहिते

पावसाळी:
@गोदातीर काका अंगावर काटा आला. घुमानला जाल तेव्हा सांगा, मलाही यायचंय.

वाळवंटातून:
मस्कतला नर्स आहे १४ वर्षं. पहिल्या रमजानात ड्यूटीवर सगळ्यांसमोर पाणी प्यायले, कुणी काही बोललं नाही पण मलाच कसंतरी झालं. मग सोबतच्या ओमानी मुलीला विचारत गेले, पहाटेची सहेरी कशाला, रात्रीची तरावीहची नमाज म्हणजे काय, ती इतकं प्रेमाने सांगायची. तिने एकदा सांगितलं की कुराणात एकाच बाईचं नाव घेऊन उल्लेख आहे आणि ती मरियम, येशूची आई. एक अख्खी सूरह, म्हणजे अध्याय, तिच्या नावाची, १९ वी. मी मराठी भाषांतर मिळवून आधी तीच वाचली. बाळंतपणाच्या कळा येताहेत आणि ती एकटी खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी, म्हणते आधीच मेले असते तर बरं झालं असतं. मी लेबर रूममध्ये काम करते हो. हेच वाक्य मी मराठीत, अरबीत, मल्याळममध्ये, उर्दूत ऐकलंय. त्या दिवसापासून हे पुस्तक माझ्यासाठी परकं राहिलं नाही. मग तिला खजूर हलवून खायला सांगतात आणि पाण्याचा झरा दाखवतात, म्हणजे बाळंतिणीला आधी खाऊ घाला पाणी द्या. बाकी भाग वाचताना काही ठिकाणी अडले, काही पटलं नाही, ते मी मैत्रिणीला स्पष्ट सांगते आणि तीही मला आपल्याबद्दल विचारते, वटसावित्रीवरून तर दोन तास चाललं होतं.

पाटीपेन्सिल:
@वाळवंटातून ताई, नमस्कार तुम्हाला.
एक विचारू का सगळ्यांना, रमजान दरवर्षी आधी आधी का सरकतो? दिवाळी कशी फार तर पुढेमागे होते.

गोदातीर:
चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून सांधतो, हिजरीत तो घालत नाहीत म्हणून दरवर्षी ११ दिवसांनी अलीकडे येतो.

समुद्रकाठची:
आणि ज्यू घालतात! १९ वर्षांत ७ महिने जादा. आपल्या अधिक महिन्याचा हिशोबही जवळजवळ तोच. नाना आजोबांना म्हणायचे तुमचा धोंड्याचा महिना तसा आमचा जादाचा अदार.

पाटीपेन्सिल:
अरे वा. म्हणजे त्यांच्याकडे जावयाला अनारसे असतात का 😀

समुद्रकाठची:
ते नानांनी सांगितलं नाही 😀

कोल्हापुरी तिखट:
आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर जैन कुटुंब, मराठीच, शेतकरी. दिवस मावळायच्या आत जेवण. माझी मैत्रीण खेळ सोडून पळायची जेवायला, मला राग यायचा. तिच्या आजीने मला कुंभोजच्या बाहुबलीला नेलं तेव्हा मी सातवीत. २८ फुटी मूर्ती, पायांवर वेली चढलेल्या दगडात. मी विचारलं वेली का, तर आजी म्हणाल्या एवढा वेळ उभा राहिला की वेलींना तो झाडच वाटला. आजही ध्यान म्हटलं की मला तेच दिसतं. पुढे कॉलेजात अनेकांतवाद वाचला, एका गोष्टीला अनेक बाजू असतात आणि आपल्याला एका वेळी एकच दिसते, ते सगळं त्या आजींच्या बोलण्यात आधीच होतं, त्या कधी 'असंच आहे' म्हणायच्या नाहीत, 'एका अंगानं असं' म्हणायच्या.

डबेवाली आई:
मला जैन पावभाजी नीट जमत नाही, बटाट्याऐवजी काय घालतात? मुलाच्या वर्गातली मुलं येणारेत शनिवारी

कोल्हापुरी तिखट:
कच्ची केळी उकडून. हिंग जरा सढळ. कांदा लसूण नाही अर्थात. पण साडेसहाच्या आत वाढा हं त्यांना.

डबेवाली आई:
थँक्यू गं. आता माझं सांगते. लग्नानंतर वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे आणलं, त्यावरून बायबल वाचावंसं वाटलं, तर घरात केवढा गोंधळ. सासूबाईंनी उशीखाली सापडलं म्हणून चार दिवस अबोला धरला, नणंदेला फोन गेले की ही धर्म बदलणार. मी रोज देवपूजा करत होते तरीही. खूप एकटं वाटलं तेव्हा. मला फक्त जाणून घ्यायचं होतं की ज्या गोष्टीपायी लक्ष्मीबाईंचे यजमान नारायणराव घर सोडून ख्रिस्ती झाले ती काय आहे. मग दोनेक वर्षांनी सासूबाईंना पाय मोडल्यामुळे पडून राहावं लागलं, टीव्ही बिघडलेला, त्यांनीच स्मृतिचित्रे मागितलं आणि दोन दिवसांत संपवलं. म्हणाल्या, लक्ष्मीबाईंनी किती सोसलं गं. बायबलबद्दल काही बोलल्या नाहीत पण ते उशीखालून कपाटात आलं.

पावसाळी:
अबोला फार वाईट. मिठी तुम्हाला 🤗

वसईची केळी:
@डबेवाली आई, मी उलटीकडून आलेय. आम्ही वसईचे ख्रिस्ती, घरात प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत. मी ज्ञानेश्वरी हातात घेतली तेव्हा माझ्या मावशीने असेच डोळे मोठे केले होते. पण आमच्या फादरांनी सांगितलं की वाच, आणि बरोबर ख्रिस्तपुराणही वाच. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि जवळजवळ ११ हजार ओव्यांत येशूची कथा लिहिली. १६१६ साली रायतूरला छापलं, तेही रोमन अक्षरांत. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली आणि ओवीची चाल एकच, त्याने मराठी संतांचं वाचलेलं असणार हे कानालाच कळतं. तुमच्याकडचं बायबल कोणतं? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळातून केलेलं मिळालं तर बघा, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अनेक वर्षं खपल्या त्यावर.

संत्रानगरी:
हा धागा दोन दिवस बघतेय, लिहू की नको करत. हौस म्हणून धर्म वाचणाऱ्यांचा धागा आहे, आणि माझ्यासाठी हा जन्माने मिळालेला धम्म आहे, आणि तो मिळवायला लढावं लागलं. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. कडेवर माझे बाबा. पांढरं लुगडं उसनं आणलेलं. ती सांगायची, बाबासाहेब बोलले तेव्हा एवढ्या गर्दीत बाळंसुद्धा रडत नव्हती.

पण एक खरं सांगते, लहानपणी आम्ही वंदना तोंडपाठ म्हणायचो आणि अर्थ फक्त ढोबळ माहीत. पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. मला वाटायचं हा हुकूम आहे, मारू नका. पस्तीसाव्या वर्षी नोकरी सांभाळून पालीचा सर्टिफिकेट कोर्स केला. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी आणि समादियामि म्हणजे मी स्वतः अंगीकारते. कुणी वरून सांगत नाहीये, मीच शिकायला तयार झालेय. वर्गात हे फळ्यावर सोडवत होते आणि मला आजी आठवली, जिला आयुष्यभर सगळ्यांनी फक्त हुकूमच दिले होते, तिने त्या दिवशी मैदानात उभं राहून जन्मात पहिल्यांदा म्हटलं होतं मी अंगीकारते. तिला पाली येत नव्हतं. पण तिला कळलं होतं, मला कळायला पस्तीस वर्षं लागली.

आता मी शेजारच्या मुलांना रविवारी पाली शिकवते. त्यातली दोन मुलं कुणबी आहेत, एक बोहरी.

समुद्रकाठची:
@संत्रानगरी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी 'आवडीने' लिहिताना हा विचार केला नव्हता, चुकलं माझं. जन्माने मिळालेला धर्म पुन्हा शिकणं हेही इथलंच आहे.

संत्रानगरी:
चूक नाही ताई. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

पावसाळी:
मी इगतपुरीला विपश्यना केली, दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा. तिसऱ्या दिवशी पळून यावंसं वाटलं होतं, गुडघे आणि मन दोन्ही ओरडत होते. तिथून आल्यावर धर्मानंद कोसंबींचं निवेदन वाचलं. गोव्यातला साखवाळचा माणूस, घर सोडून पुणे काशी नेपाळ करत सिलोनला जाऊन भिक्षू होतो, पाली शिकतो, पुढे फर्ग्युसनमध्ये शिकवतो, हार्वर्डला बोलावतात. आणि सुरुवात कशातून, तर एका मराठी मासिकात आलेलं बुद्धाचं छोटंसं चरित्र. मला ते फार मोलाचं वाटतं. @संत्रानगरी तुमच्या वर्गात मोठ्यांना घेता का? ऑनलाईन?

संत्रानगरी:
घेते की. मेसेज करा.

गिरगावकर:
पारशी धर्माबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. लहानपणापासून आग्यारीच्या भिंतीवरून हात फिरवत शाळेत गेलो, आत जायला आम्हाला परवानगी नाही. वाईट वाटायचं. मग बँकेत एक पारशी साहेब मिळाले, त्यांना विचारलं आत काय आहे, ते म्हणाले आग आहे, आणि राख आहे, आणि चंदनाचा वास. मग आतश बेहराम, म्हणजे त्यांची सगळ्यांत पवित्र आग, तिच्याबद्दल सांगितलं, १६ ठिकाणची आग एकत्र करतात, लोहाराची, कुंभाराची, भटारखान्यातली, आणि वीज पडून लागलेलीसुद्धा, प्रत्येक आग शुद्ध करून मग एक. सोनाराची आणि चिता जळते तिथली पण. मी ऐकतच राहिलो, म्हणजे गावातल्या प्रत्येक कामाची आग त्यात आली. त्यांनी मला गुजरातेतला उदवाडा बाहेरून दाखवला, इराणशाह नावाचा आतश बेहराम तिथे आहे. आत गेलो नाही, बाहेर ओट्यावर बसलो तासभर, साहेब आत प्रार्थना करून आले आणि माझ्या हातावर चंदनाचा एक तुकडा ठेवला. अजून आहे माझ्या कपाटात. आत न जाताही बरंच मिळतं, हे मला तिथे वाटलं.

टोकियोकर:
इथे घराजवळच्या स्मशानात प्रत्येक थडग्यामागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यावर वर काहीतरी ओळखीचं वाटणारं. नीट बघितलं तर संस्कृत बीजाक्षरं, सिद्धम या जुन्या भारतीय लिपीत! चीनमार्गे हजार वर्षांपूर्वी आलेली. आणि इनोकाशिरा तळ्याकाठी बेन्झाईतेन म्हणून देवी, ती आपली सरस्वती. तिच्या चित्रांत बहुधा हातात वीणेसारखं वाद्य असतं. शेजारच्या आजींना मी म्हटलं ही आमच्याकडचीही आहे, त्या हसून म्हणाल्या मग तुझं घर जवळच आहे. ट्रेन आली, बाकी नंतर.

पाटीपेन्सिल:
@समुद्रकाठची, मलिद्याला पोहे जाड का पातळ? आणि नारळ खवून?

समुद्रकाठची:
जाड, नुसते धुवून निथळायचे. नारळ खवूनच. हो, आणि आज आईला फोन केला होता, ती म्हणाली नानांच्या मुलीचा पत्ता आजोबांच्या डायरीत असेल. उद्या परत माळ्यावर चढते.