संगीताचं सॉफ्टवेअर शिकतानाचे पहिले दिवस : तुमचेही अनुभव सांगा

अमळनेरची लेक
रविवारी गल्लीत कानबाई (आपल्या खानदेशची श्रावणातली देवी) बसली. रात्री बायकांनी गाणी धरली आणि मला आजीच्या गाण्याची फाइल आठवली. ती गेल्यावर फोनमध्ये तिचा तेवढाच आवाज उरला होता, मागे पंख्याची घरघर. ती घरघर काढायची म्हणून ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-साफ करायचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याआधी असलं काही कधी उघडलंही नव्हतं. जिथे फक्त पंखाच ऐकू येतो तो तुकडा आधी निवडायचा, सॉफ्टवेअरला तो नमुना द्यायचा आणि मग सगळ्या फाइलला नॉइज रिडक्शन (नको तो आवाज कमी करणं) लावायचं. जास्त लावलं तर आजी पाण्याखालून गातेय असं वाटतं. थोडा पंखा राहू द्यावा.

पुढे ढोलकी घालायला रीपर हे गाणं जुळवायचं सॉफ्टवेअर घेतलं. ६० दिवस सगळं वापरून बघता येतं. त्यात टेम्पो (ठेक्याचा वेग) आधीच मिनिटाला १२० ठोक्यांवर असतो, आणि आजी तर ओळ संपली की दमाने थांबते. कुठलाच आकडा जमेना. शेवटी मेट्रोनोम बंद केला, ठोका आपोआप ग्रिडच्या रेषेवर ओढणारं स्नॅप बंद केलं आणि एकेक ठोका तिच्या शब्दाखाली हाताने सरकवला. माझं ठाम मत : आपल्या बायकांची गाणी ग्रिडवर ओढायची नाहीत, ठेक्यानेच त्यांच्या मागे जायचं.

केळीवाला, रावेर
ताई, भारी काम केलं. मी एफएल स्टुडिओ या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलवर शिकलो. प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. एक्सपोर्ट मात्र होतं. म्हणून एका बैठकीत बीट पुरा करायचा. कापणी असली की बैठकच नाही. मग पैसे साठवून घेतलं, आता अपडेट कायमचे फुकट.

भुसावळ नाइट शिफ्ट
केळीला काय भाव चालू भो?

केळीवाला, रावेर
इचारू नको भो 😔

बँडवाला, धुळे
कीबोर्ड लॅपटॉपला जोडला तर बोट दाबल्यावर आवाज मागून यायचा. दुकानदार म्हणे नवीन साउंड कार्ड घ्या. आमच्यातल्या एका पोराने एएसआयओ४ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाकून दिला, बफर (आवाज किती साठवून मग सोडायचा तो आकडा) ५१२ चा १२८ केला, झालं. फार खाली नेला की कडकड येते. वाजवताना कमी, मिक्सिंगला जास्त. गणपतीची प्रॅक्टिस सुरू आहे, बाकी नंतर लिहितो

चाळीसगावची आई
माझा मुलगा नववीत आहे. फोनवर बॅन्डलॅब की काय त्यात रात्रभर ठोके बनवतो. फी लागते का त्याला? अभ्यासाचं काय करू?

अमळनेरची लेक
फुकट आहे ताई, काळजी नको. त्याला वायरचा हेडफोन द्या, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. अभ्यासाचं मोठे सांगतील 🙂

भुसावळ नाइट शिफ्ट
रात्री ११ ला फोन काढून घ्या. पण बंद नका करू त्याचं, आम्हाला कोणी शिकू दिलं नाही.

सातपुडा पायथा, नंदुरबार
मामांची पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) रेकॉर्ड केली. कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या सुराला लावलेला, पावरीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे. मामांना काय सांगणार? सिंथचाच फाइन ट्यून सेंट सेंट सरकवत नेला. १०० सेंटची एक पट्टी, त्याच्या आतच कुठेतरी पावरी बसली. सूर आपोआप सरळ करणारं ऑटोट्यून लावा म्हणणारे भेटले, पण मग ती पावरी राहतच नाही.

जळगाव, घामाघूम
मे महिन्यात कूलर बंद करून गायलंय का कोणी? ४५ च्या उन्हात, भिंतीला गोधड्या टांगून! कंडेन्सर माइक कूलरच काय, शेजारचं कुकरही पकडतो. आई ताक घेऊन दारात उभी, टेक संपेपर्यंत हाक मारत नाही. तिचं नाव गाण्यात टाकलंय मी.

केळीवाला, रावेर
माय ती माय 🙏 ताई, आजीनं गाणं ऐकाडा ना. आणि कानबाईच्या प्रसादाचे रोट उरले का?

अमळनेरची लेक
गाणं आत्याला विचारून टाकते. रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात दादा. हिवाळ्यात भरीत पार्टीला या, नंदुरबारच्या मामांनाही घेऊन या. माइक मी आणते.

सातपुडा पायथा, नंदुरबार
मामा विचारतायत, भाकरी कळण्याची का?