आठवीतली पोरगी ऊसतोडीच्या हंगामात लग्नातून वाचवायची कशी?

डोंगरपट्ट्यातली बाई

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शाळा आठवीपर्यंत. बहुतेक पोरींचे आईबाप ऊसतोडीला जातात. आठवी झाली की पोरी दिसेनाशा होतात आणि दीड-दोन वर्षांनी त्यातली एखादी कडेवर लेकरू घेऊन अंगणवाडीच्या दारात भेटते. प्रभातफेरी, शपथ, पोस्टर, सगळं करून झालंय. यंदा आठवीत एक पोरगी आहे, गणितात भलतीच चलाख. बापानं मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय. मी घरी गेले तर म्हणाला, "मॅडम, वयात आलेली पोर म्हातारीच्या जिवावर कशी ठेवू? तुम्ही ठेवता का?" ज्यांनी खरंच एखादी मुलगी थांबवलीय त्यांनी सांगा. भाषणं नकोत.

गटप्रवर्तक

मॅडम, मी आशांचं काम बघते. बापाचा प्रश्न खरा आहे, आधी तो मान्य करा. १८ वर्षांची अट आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तर पत्रिका छापत नाहीत. दसऱ्यानंतर पाच-सहा महिने घराला कुलूप असतं आणि पोर रात्री झोपणार कुठं, हे कुणी सांगत नाही. त्यात मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडीला. पोराचं लग्न झालं की त्या घरात एक कोयता वाढतो. म्हणजे घाई दोन्हीकडून. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. राज्याचा आकडा २१.९ टक्के. हे अंतर नुसत्या अडाणीपणानं पडत नाही.

तेव्हा आधी झोपायची सोय बघा. गावातलं हंगामी वसतिगृह म्हणजे पुष्कळ ठिकाणी शाळेत दोन वेळचं जेवण आणि रात्री नातेवाइकाचं घर. बारक्या लेकरांना ते चालतं, पण या बापाचा प्रश्न त्यानं सुटत नाही. त्याच्यासाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, म्हणजे मुलींची सरकारी निवासी शाळा बघा, नाहीतर संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह. ही दुसरी योजना २०२१ ची, खास ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी. आणि तिथं बापाला नाही, आईला घेऊन जा. मी नेलेल्या एका आईनं आधी संडासाची कडी आतून लावून बघितली, मग वॉर्डनला विचारलं की रात्री गेटची चावी कुणाकडं असते. शिक्षणाचं एक अक्षर विचारलं नाही. पोर ठेवून आली.

अजून एक. शाळा सोडल्याचा दाखला बापाच्या हातात देऊ नका. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. त्यानंतर पोर कुणाच्याच यादीत नसते. दाखला रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि तिथंच राहतो. नव्या शाळेत प्रवेश तुम्हीच पक्का करा, दाखला शाळेकडून शाळेकडं जाऊ द्या.

गावचा ग्रामसेवक

ताईंनी मुळावरच बोट ठेवलंय. कायद्याच्या बाजूनं थोडं सांगतो. २००६ च्या कायद्यानं गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आम्हीच. हळद लागल्यावर फोन येतो तेव्हा फक्त मांडवात वाईटपणा घ्यायचा उरतो. आधी कळलं तर कलम १३ खाली न्यायालयाकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कुणीही कळवू शकतं, नाव सांगावं लागत नाही. वयावरून वाद झाला की आधारकार्ड पुढं करतात, पण वजन असतं ते तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या जन्मतारखेच्या नोंदीला. तो उतारा कुणी मागितला तर त्याच दिवशी द्या. आणि लग्न थांबलं म्हणून निश्चिंत होऊ नका, तेच लग्न पुढच्या महिन्यात मामाच्या गावाला लागतं.

डोंगरपट्ट्यातली बाई

आणि जिचं होऊनच गेलंय तिचं काय? मागच्या वर्षीची एक आहे, सोळावं लागलंय. सासर शेजारच्याच गावात.

गटप्रवर्तक

तिला सोडू नका. पहिलं बाळंतपण लांबवायचं बघा. आशाकडं निरोध आणि गोळ्या असतात. आठवड्याची छाया गोळी आहे, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे, ते आरोग्य केंद्रात तपासून ठरवतात. सासूशी बोलताना मी शरीराची वाढ, रक्त कमी वगैरे सांगतेच, पण तिला पटतं ते हे की, पोटुशी सून फडात मोळी उचलू शकत नाही. ऐकायला वाईट वाटतं. मी तरी हाच मुद्दा वापरते.

दिवस गेलेच तर दवाखाना चुकवू देऊ नका. १८ च्या आतली गरोदर असली की पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून घरचे वय १९ सांगतात किंवा तपासणीलाच आणत नाहीत. जीव जातो तो या लपवालपवीत. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. हे आमच्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नाही.

शाळेचं म्हणाल तर लग्न झालं म्हणून नाव काढा असं कुठलाच कायदा सांगत नाही. वर्गात बसायला लाजत असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा.

डोंगरपट्ट्यातली बाई

त्या आठवीतलीच्या आईला घेऊन रविवारी वसतिगृह बघायला निघते. कागद काय काय लागतील?

गावचा ग्रामसेवक

बाकीचे तिथं सांगतील, पण पालकाचं ऊसतोड कामगार ओळखपत्र लागतंच. ते तुमच्या ग्रामपंचायतीतच मिळतं. बापाला याच आठवड्यात पाठवा, गाडी भरली की माणूस सहीला सापडत नाही.