मदत हवी आहे: रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पेनकिलर दिली तर चालेल का? अर्जंट

घाईगडबड: बाबांचा गुडघा फार दुखतोय, केमिस्टने आयबुप्रोफेन दिली. पुतण्या फार्मसीला आहे, तो म्हणतो रक्त पातळ करायचं औषध ९९ टक्के प्रोटीनला चिकटलेलं असतं, काम करतं ते सुटं १ टक्का, पेनकिलरने अजून १ टक्का सुटलं की डबल डोस. खरंय का? पटकन सांगा.

चष्मेवाली: औषध कुठलं? इकोस्प्रिन? कशासाठी?

घाईगडबड: अहो नेहमीचीच, वॉरफेरिन. हृदयाची झडप बदललीय ना.

चष्मेवाली: हे आत्ता सांगताय!! मेटलची झडप? शेवटचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची टेस्ट, किती आला?

निर्गुडी_प्रेमी: निर्गुडीचं तेल कोमट करून चोळा, वर हळदीच्या कॅप्सूल. माझ्या सासूबाई जिना चढायला लागल्या.

खलबत्ता: हळदीच्या कॅप्सूल वॉरफेरिनबरोबर अजिबात नकोत, काहीही काय.
पुतण्याचं गणित बरोबर, पण अर्धंच. सुटं झालेलं औषध लिव्हर लगेच काढून टाकतं, थोड्या दिवसांत सुट्याची पातळी जवळपास पहिल्यासारखीच. फिनाइलब्युटाझोन या जुन्या पेनकिलरचं असंच, वर्षानुवर्षं ढकलाढकली (एक औषध दुसऱ्याला प्रोटीनवरून ढकलतं) म्हणून शिकवलं, खरी गोम निघाली लिव्हरमध्ये, ते वॉरफेरिनचं विघटनच अडवत होतं. तरी आयबुप्रोफेन नकोच, पोटाचं अस्तर सोलतं आणि प्लेटलेटही नीट चिकटू देत नाही, आयएनआर चांगला असूनही रक्तस्राव होतो.

साधासरळ: मग पॅरासिटामॉल द्या डोळे झाकून.

खलबत्ता: डोळे उघडे ठेवून. रोज २ ग्रॅम किंवा जास्त, असं काही दिवस चाललं तर आयएनआर चढतो. आणि हे प्रोटीनला फारसं चिकटतही नाही, बोला!

चष्मेवाली: पण ढकलाढकली अगदीच खोटी नाही हं. आत्याला फिटसाठी फेनिटोइन, त्यात ॲस्पिरिनचा मोठा डोस, रिपोर्टमध्ये एकूण पातळी कमी आली. डोस वाढवणार होते, सुटं मोजलं तर ठीक निघालं.

साधासरळ: सरळ गुडघा बदलून घ्या, किती दिवस गोळ्या.

चष्मेवाली: मेटलच्या झडपेवर? वॉरफेरिन थांबवून ऑपरेशन म्हणजे खेळ वाटला का? @घाईगडबड, आयएनआर??

घाईगडबड: दोन महिन्यांपूर्वी केला होता, वही सापडत नाहीये. पेनकिलर परवापासून दिवसाला तीन दिल्यात. सकाळपासून शी काळी होतेय पण ते लोहाच्या गोळीने असेल ना?

खलबत्ता: लोहाची गोळी कधीपासून?

घाईगडबड: वर्ष झालं. आधी अशी होत नव्हती.

खलबत्ता: मग हा पोटातला रक्तस्राव असू शकतो. धागा बंद करा, बाबांना घेऊन आत्ता हॉस्पिटलला निघा. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

घाईगडबड: रिक्षा बोलावली.