ड्वार्फांचं राष्ट्र, पाच घराणी, राजा नावापुरता: हे टिकून कसं राहील?

खोदकाम_इंदूर
नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा ग्रुप आहे, शनिवारी रात्री रामबागेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रोल-प्लेइंग गेम खेळतो, फासे, कॅरेक्टर शीट, मधे शेव-परमलची परात, सगळं साग्रसंगीत. गोष्ट मी चालवतो. यावेळी डोंगराच्या पोटात ड्वार्फांचं, म्हणजे परीकथांतल्या बुटक्या खाणकरी लोकांचं, एक राष्ट्र घेतलंय, नाव अधोगड. पाच मोठी घराणी, सगळी सत्ता त्यांच्याच हातात, वर एक राजा आहे पण त्याला कुणी विचारत नाही. घराण्यांची नावं थ्रोमगार, ब्रुंडाक, खाझमिर अशी ठेवलीत, प्रत्येकाचा डोंगर वेगळा, झेंडा वेगळा, कुऱ्हाडीचा आकारसुद्धा वेगळा, जुनी वैरं, एका लग्नात झालेला विषप्रयोग, पानंच्या पानं लिहून ठेवलीत.

अडचण अशी की खेळणाऱ्यांपैकी एकजण (सीए आहे, त्यामुळे दुसरी काय अपेक्षा करणार) दर वेळी विचारून राहिलाय की भिया, ही घराणी एकमेकांना इतकं पाण्यात बघतात तर सगळ्यात तगडं असेल ते बाकीच्या चौघांना संपवून गादीवर का नाही बसत? आणि राजाला कुणी विचारतच नाही तर त्याला फुकट का पोसायचा, काढून टाका ना. मी म्हटलं परंपरा आहे. तो म्हणतो परंपरा म्हणजे हिशोबात "इतर खर्च" लिहिल्यासारखं झालं.

कुणी असं राष्ट्र बनवलं असेल किंवा इतिहासातलं काही डोक्यात असेल तर सांगा. फक्त जादूचं उत्तर नको, "देवाचा शाप आहे म्हणून लढत नाहीत" हे मागच्या गोष्टीत वापरून झालंय.

धाकटी_पाती
अरे इंदुरात राहून हा प्रश्न? तासाभरावर देवास आहे, जाऊन ये एकदा. तुकोजी आणि जिवाजी पवार, दोघे भाऊ, १७२८ मध्ये तिथे बस्तान बसवलं, पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं झाली पण राजधानी एकच गाव. १८४१ नंतर दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला तरी जमिनी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या की गावातल्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका महाराजांची आणि समोरची दुसऱ्यांची, पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्ती वेगळी. हे १९४८ ला मध्य भारतात विलीन होईपर्यंत चाललं. म्हणजे बघ, लढायचं म्हटलं तर फौज उभी कुठे करणार, समोरच्या ओट्यावर?

तू प्रत्येक घराण्याला वेगळा डोंगर दिलास तिथेच घोळ झाला. वेगळा डोंगर असला की वेगळं राज्य, मग लढाई होणारच. सगळ्यांना एकाच डोंगरात कोंब. बोगदा एकाचा, आतली चांदीची शीर दुसऱ्याची, जकात तिसऱ्याची. आपल्या माळव्यातही १७३० च्या दशकात होळकर, शिंदे, पवार यांच्यात वाटे पडले तेव्हा नकाशावर सरळ रेघ ओढून नाही पडले. चोर रस्ता ओलांडून समोरच्या पातीत पळाला तर शिपायाने काय करायचं, एवढ्या एका प्रश्नावर तुझा अख्खा शनिवार निघेल.

लष्करवाले_काका
ग्वाल्हेरहून लिहितोय. नोकरी सगळी खाणींत गेली, आता निवृत्त, नातू हे असले खेळ खेळतो म्हणून थोडंफार कळतं.

बाळा, तू कुऱ्हाडी मोजत बसलास आणि हवा विसरलास. डोंगराच्या पोटात एवढी वस्ती म्हणजे पहिला प्रश्न श्वासाचा, दुसरा पाण्याचा, सोनं-चांदी त्यानंतर. कोलारची सोन्याची खाण २००१ ला बंद झाली तेव्हा तीन किलोमीटरहून खोल गेलेली होती, तिथे खडकच इतका तापलेला असतो की वरून गार हवा सोडल्याशिवाय माणूस काम करू शकत नाही. आणि पाणी तर कुठल्याही खाणीत चोवीस तास झिरपतं, उपसा थांबला की सगळ्यात खालची पातळी आधी बुडते.

तर घराण्यांना झेंडे देऊ नकोस, कामं दे. आणि ती थ्रोमगार-फ्रोमगार नावं काढून टाक, माझ्या नातवालासुद्धा लक्षात राहायची नाहीत. आपल्याकडे आडनावं तयार आहेत. भाते, यांच्याकडे हवा, सगळे मोठे भाते हेच चालवतात. रहाटे, यांच्याकडे पाण्याचा उपसा. सुरुंगे खोदणारे. कोठारे म्हणजे धान्य आणि बाहेरचा रस्ता, कारण डोंगरात गहू पिकत नाही आणि टेकू द्यायला लाकूडही उगवत नाही. टाकसाळे नाणी पाडणारे. आता सांग तुझ्या सीएला, यातलं कुठलं घराणं बाकीच्या चौघांना संपवून जगेल? सुरुंग्यांना तर बाकी सगळ्यांची गरज, कारण सुरुंगाची दारू येण्याआधी कठीण खडक फोडायचा म्हणजे त्याच्यापुढे लाकडं पेटवून तो तापवायचा आणि तडकवायचा. लाकूड कोठाऱ्यांचं, आणि धूर बाहेर काढणार भाते.

आणि भांडण कसं दाखवायचं तेही सांगतो. पंचायतीत भात्यांची कुणी खोड काढली तर ते तलवार उपसत नाहीत. त्या रात्री खालच्या आळीकडे जाणारा एक भाता बंद राहतो, बस. आधी दिव्याची ज्योत बसते, वात नुसती लाल दिसते. म्हातारी माणसं झोपेतून उठून भिंतीला टेकून बसतात, कुणी बोलत नाही कारण बोलायलाही दम लागतो. बायका पोरांना पाठुंगळी मारून शिड्यांनी वरच्या बोगद्यात जातात. सकाळी भात्यांचा कारकून येतो, हात जोडतो आणि सांगतो की कातडं फाटलं होतं, आता शिवून घेतलंय. सगळ्यांना माहीत असतं कातडं फाटलं नव्हतं. कुणी काही म्हणत नाही, आणि पुढच्या पंचायतीत भात्यांचं म्हणणं मान्य होतं.

ज्योत माणसाच्या आधी मान टाकते हे खरं आहे हो, प्राणवायू कमी झाला की दिवा आधी सांगतो. खाणीत आम्ही ते बघायला शिकलो होतो.

खासगीतून
काकांचं झकास आहे, पण राजाचं उत्तर राहिलंच की. मी देते.

पेशव्यांकडे फौज होती, पैसा होता, सगळा कारभार होता, साताऱ्याच्या छत्रपतींकडे शाहू महाराजांनंतर नाव सोडून फारसं काही उरलं नव्हतं. तरी प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, कारभाऱ्यांनी राघोबादादांच्या विरोधात फळी उभी केली, बारभाई म्हणतो आपण, तेव्हा त्यांनीही असं नाही म्हटलं की चला आता आपणच मिळून पेशवे. १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मले आणि काही आठवड्यांच्या त्या बाळाच्या नावाने वस्त्रं आणली. कारण बारभाईंतले नाना फडणवीस आणि सखारामबापू हे एकमेकांचा हुकूम कधीच मानणार नाहीत, बाळाचा मानायला मात्र कुणाचीच ना नाही, बाळ स्वतःचं काही म्हणतच नाही ना. तुझा राजा फुकट पोसलेला नाहीये, त्याच्या जागी पाचातलं कुणीही बसलं तर उरलेले चार उठतील, म्हणून ती जागा भरलेली ठेवलीय.

व्हेनिसवाल्यांनी तर याचं शास्त्रच करून टाकलं होतं. १२९७ मध्ये मोठ्या सभेचं दार ठराविक घराण्यांपुरतं बंद केलं, आणि त्यांचा डोज, म्हणजे राष्ट्रप्रमुख, निवडायची पद्धत १२६८ पासून अशी की आधी चिठ्ठ्या टाकून तीस जण काढायचे, त्यातून पुन्हा चिठ्ठीने नऊ, त्या नवांनी चाळीस निवडायचे, त्यातून चिठ्ठीने बारा, आणि असं करत करत शेवटी एक्केचाळीस जणांनी डोज ठरवायचा. एवढं करून निवडलेल्या माणसाला परदेशातून आलेलं पत्र एकट्याने उघडायची परवानगी नव्हती! हे प्रजासत्ताक १७९७ पर्यंत चाललं. या चिठ्ठ्यांचं खेळाच्या टेबलावर खरोखर करून बघा, फाशांनी तीस जण काढायचे, पुढे नऊ, धमाल येईल, आणि सीएला मोजणी करायला बसवा.

अजून एक, तुझ्या पाच घराण्यांत बायका कुठे आहेत? एका विषप्रयोगात नवरी मेली एवढंच ना? होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी होती. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, खासगी म्हणजे घरातल्या बाईच्या नावची जहागीर, १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे ती झाली, नंतर अहिल्याबाईंकडे आली, आणि काशीपासून रामेश्वरपर्यंत त्यांनी जे घाट, देवळं, धर्मशाळा केल्या त्यामागे ही खासगी होती. अधोगडात असंच कर. घराण्याची तिजोरी पुरुषांची पंचायत चालवते, पण प्रत्येक घरात एक खासगी आहे, ती सासूकडून सुनेकडे जाते, पंचायतीला तिचा हिशोब मागता येत नाही. युद्धाचा ठराव पास झाला आणि दौलतीत खडखडाट असला की पाचही कारभारी रात्री मागच्या दाराने कुणाकडे जातील? तिथे तुला खरी माणसं सापडतील गोष्टीसाठी.

मांडवी_बडोदा
सगळ्यांचं वाचलं, मजा आली, पण तुम्ही सगळे जरा जास्तच गोड गोड सांगताय. एकमेकांवाचून अडतं म्हणून लढत नाहीत हे पुस्तकी झालं. होळकर आणि शिंदे यांचं एकमेकांवाचून अडत नव्हतं का? जुलै १८०१ ला यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांची फौज मोडली, ऑक्टोबरमध्ये शिंद्यांचे सर्जेराव घाटगे इंदुरावर आले, शहर लुटलं, जाळलं. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवा दोघांच्या फौजा मिळून हरवल्या. पेशवा पळाला तो शेवटी वसईला पोचला, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून मोकळा झाला. दोन घराणी भांडली आणि घर गेलं तिसऱ्याच्या घशात, आणि ते सुद्धा कायमचं.

माणसं हिशोब करून लढत नाहीत रे, चिडून लढतात. भात्यांनी त्या रात्री भाता बंद ठेवला आणि एखाद्या सुरुंग्याचं तान्हं पोर गेलं, तर सकाळी कारकून हात जोडून आला काय आणि न आला काय, त्याचं मुंडकं जिन्यावरून घरंगळत जाणार.

म्हणून माझं म्हणणं असं की राष्ट्र टिकतंय का हे सिद्ध करत बसू नकोस. ते मोडायला आलंय आणि बाहेर कुणीतरी वाट बघत उभं आहे असं दाखव. आमच्या बडोद्याचं घे, १८०० च्या आसपास गायकवाडांचा खजिना रिकामा, शिबंदीचे, म्हणजे पगारी फौजेचे, पगार थकलेले, सावकारांकडून कर्ज काढायचं तर ते जामीन मागणार, आणि जामीन राहणार कोण, तर दरबाराच्याच पगारावरचे अरब जमादार! मग ज्याने जामीन दिला त्याला दुखवता येत नाही, पगार थांबवता येत नाही. कंपनीने येऊन अरबांना बाहेर काढलं आणि ती जामीनकी स्वतःकडे घेतली, काम झालं. तुझ्या डोंगराच्या पायथ्याशी माणसांची एक व्यापारी पेढी बसव, अतिशय गोड बोलणारी. ती कुणाशी लढत नाही, फक्त पाचही घराण्यांना वेगवेगळं भेटून सांगते की बाकीच्या चौघांनी दगा दिला तर आमची हमी. पाचहीजण सही करतात. तुझ्या खेळणाऱ्यांना ते पाच कागद एका वेळी बघायला मिळाले की पुढचं तुला काही सुचवावंच लागणार नाही.

लष्करवाले_काका
बडोदेकर, तान्ह्या पोराचं लिहिलंत ते बरोबर आहे. ठेवा ते गोष्टीत.

खोदकाम_इंदूर
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काका, नावं तुमचीच घेतोय, भाते-रहाटे-सुरुंगे वाचून आमच्यातला एकजण म्हणाला की आता हे राष्ट्र कमी आणि सोसायटीची पाट्यांची यादी जास्त वाटते, पण नावं सगळ्यांच्या तोंडात लगेच बसली. डोंगर आता एकच. मुख्य बोगद्याची डावी बाजू रहाट्यांची, उजवी टाकसाळ्यांची, आणि मधल्या चौकात सराफ्यासारखा बाजार, दिवसा चांदी आणि रात्री खाणं, कारण त्याशिवाय मला शहर डोळ्यापुढे येत नाही. राजा सात वर्षांचा केलाय. सासू-सुनेची खासगी तर नक्की घेतोय ताई, टाकसाळ्यांची थोरली सून हेच आता मुख्य पात्र होईल असं दिसतंय. पायथ्याची पेढी अजून उघड करत नाही, कारण आमचा सीए हे पान वाचत असतो (वाचत असशील तर बंद कर रे).

एक शेवटचं अडलंय. पंचायतीत मतं कशी मोजायची? घराण्याला एक मत दिलं तर तीन विरुद्ध दोन, दर वेळी तेच.

खासगीतून
एक घराणं एक मत नकोच. जुन्या जर्मन खाणींत एका खाणीचे बहुतेक १२८ वाटे पाडलेले असत, ते विकता यायचे, गहाण टाकता यायचे, मुलीला लग्नात देता यायचे, आणि खाण तोट्यात गेली तर वाट्याप्रमाणे खिशातून भरणा करावा लागायचा, नाही भरला तर वाटा गेला. अधोगडात मत वाट्याला दे. म्हणजे प्रत्येक लग्न, प्रत्येक कर्ज, प्रत्येक मृत्यू झाला की मतं इकडची तिकडे. सुरुंग्यांकडे कागदावर चाळीस वाटे, पण त्यातले अकरा कोठाऱ्यांकडे गहाण, आणि मत कुणी द्यायचं यावर खटला चालू. वही सीएलाच ठेवायला सांग, त्याचं तोंड बंद होईल.

मांडवी_बडोदा
आणि त्यातले दोन-तीन वाटे कुणा मेलेल्या म्हातारीच्या नावावर अजून तसेच असू देत. ती जिवंत आहे असं सांगून कुणीतरी दर पंचायतीत तिचं मत टाकतंय.

खोदकाम_इंदूर
हे घेतलं. म्हातारी रहाट्यांची.